देव हवा, पण सरकारी नको

१८०२ सालच्या पहिल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या दारात साडेपाचशे किलोंहून जड असे चीज येऊन थडकले. मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावच्या शेतकऱ्यांनी घरोघरचे दूध गोळा करून ते बनवले होते. विरोधी फेडरलिस्ट पक्षवाल्यांच्या गाईंचे दूध त्यात मुद्दाम घेतले नाही, असे गावकरी खुशीत सांगत. चीज घेऊन आले होते गावचे बाप्टिस्ट धर्मोपदेशक जॉन लेलँड. आणि ज्यांना ते दिले, ते जेफरसन येशूचे चमत्कार न मानणारे. पुढे त्यांनी बायबलमधले पटणारे तेवढे उतारे कापून, चमत्कार वगळून, स्वतःपुरते एक पुस्तक तयार केले. १८००च्या निवडणुकीत तर विरोधकांनी त्यांच्यावर नास्तिकतेचा शिक्काच मारला होता.

त्याच दिवशी जेफरसन यांनी कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना पत्र लिहिले. चर्च आणि राज्यसंस्था यांच्यामधली भिंत म्हणून आज जिचा हवाला न्यायालये देतात, ती उपमा या पत्रातली. दोन दिवसांनी रविवार होता. चक्क प्रतिनिधिगृहाच्या दालनात लेलँड यांचे प्रवचन झाले, आणि भिंतवाले जेफरसन ते ऐकायला हजर होते.

२०२६ हे अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे २५०वे वर्ष. अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र म्हणून जन्मली की धर्मनिरपेक्ष, हा तिथला जुना वाद. एक बाजू धर्मासाठी इंग्लंड सोडून आलेल्यांच्या मेफ्लॉवर जहाजाकडे बोट दाखवते, दुसरी राज्यघटनेकडे. दोघांच्याही हाती पुरावे आहेत. पण लेलँड यांच्यासारख्या माणसाला दोन्ही गोष्टींत जागा नाही, कारण तो दोघांचीही पंचाईत करतो. चर्च आणि सरकार वेगळे ठेवा, हा आग्रह अमेरिकेत मुरला तो केवळ बुद्धिवाद्यांमुळे नव्हे. सरकारी चर्चचा मार खाल्लेल्या भाविकांनी तो लावून धरला.

मुळात धर्मस्वातंत्र्यासाठी इंग्लंड सोडलेल्या प्युरिटनांना ते स्वातंत्र्य स्वतःपुरतेच हवे होते. १६३० पासून मॅसॅच्युसेट्स बेमध्ये त्यांनी वसाहत वसवली. शिक्षणाच्या बाबतीत त्यांचे ऋण मान्य करायलाच हवे. १६३६ मध्ये त्यांनी हार्वर्ड स्थापन केले. १६४७ च्या कायद्याने पन्नास घरांच्या प्रत्येक गावावर शिक्षक नेमण्याची सक्ती केली. कारण काय, तर लोकांना बायबल वाचता येऊ नये हा सैतानाचा डाव हाणून पाडायचा! हेतू काही असो, मुले वाचायला शिकली. पण याच वसाहतीने क्वेकर पंथाच्या मेरी डायर यांना १ जून १६६० रोजी बॉस्टनमध्ये फाशी दिली. हद्दपार केले असतानाही त्या पुन्हा परतल्या, हा त्यांचा गुन्हा.

रॉजर विल्यम्स यांचे प्रकरण याहून बोलके आहे. हे धर्मोपदेशक श्रद्धेत ढिले नव्हते. उलट इतके कडवे, की प्युरिटनांचे चर्चही त्यांना पुरेसे शुद्ध वाटेना. दंडुक्याच्या धाकाने करवलेली प्रार्थना देवाचा अपमान आहे, असे त्यांचे म्हणणे. १६३५ मध्ये हद्दपारीचा हुकूम निघाला आणि ऐन हिवाळ्यात, बर्फातून, त्यांनी वसाहत सोडली. नॅरागॅन्सेट लोकांकडून जमीन मिळवून १६३६ मध्ये त्यांनी प्रॉव्हिडन्स वसवले. तिथे कुणाच्या उपासनेत सरकार ढवळाढवळ करणार नव्हते. क्वेकरांची मते विल्यम्स यांना मुळीच मान्य नव्हती. सत्तरीला टेकलेले असताना ते होडी वल्हवत न्यूपोर्टला गेले ते क्वेकरांशी जाहीर वाद घालायला. वाद घातला, कोठडी नाही दाखवली.

व्हर्जिनियात कोठडीही होती. तिथे अँग्लिकन चर्च सरकारी. परवान्याशिवाय प्रवचन केले म्हणून बाप्टिस्टांना तुरुंगात डांबले जाई. जानेवारी १७७४ मध्ये बावीस वर्षांच्या जेम्स मॅडिसन यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात शेजारच्या काउंटीत अशा पाच-सहा जणांना डांबल्याबद्दल संताप व्यक्त केला आहे. पुढे राज्यघटनेला आकार देणाऱ्या या माणसाच्या मनात धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न पेटला तो पुस्तकांच्या आधी या गजांआडच्या माणसांमुळे, असे म्हणायला जागा आहे.

१७८४ मध्ये व्हर्जिनियातले पुढारी पॅट्रिक हेन्री यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या वेतनासाठी कर बसवण्याचे विधेयक आणले. वरवर ते उदार होते, कारण आपला पैसा कोणत्या पंथाला द्यायचा हे करदात्यानेच ठरवायचे होते. मॅडिसन यांनी १७८५ मध्ये त्याविरुद्ध लिहिलेले निवेदन आज अभ्यासक्रमात असते. पण त्याहून जास्त सह्या जमल्या त्या बायबलचाच आधार घेऊन कर नाकारणाऱ्या भाविकांच्या अर्जांवर. विधेयक बारगळले आणि जानेवारी १७८६ मध्ये जेफरसन यांचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा संमत झाला. पुढच्याच वर्षीच्या अमेरिकी राज्यघटनेने सरकारी पदासाठी धर्माची अट घालण्यास मनाई केली.

म्हणजे भिंत उभी राहिली आणि श्रद्धा निर्मळ झाली, असे मात्र नाही. १६६७ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने ठरवले होते की बाप्तिस्मा घेतल्याने गुलाम मुक्त होत नाही. मालकांना पाप आणि नुकसान दोन्हींतून सुटका! तेव्हा व्हर्जिनियात असलेल्या लेलँड यांनी १७८९ मध्ये तिथल्या बाप्टिस्टांकडून गुलामगिरीच्या निषेधाचा ठराव करवून घेतला खरा. पण १८४५ मध्ये दक्षिणेतले बाप्टिस्ट उत्तरेपासून फुटले ते गुलामांच्या मालकालाही मिशनरी होता यावे म्हणून. त्यांना कुठल्या सरकारने तसे करायला भाग पाडले नव्हते. दुसरीकडे, जन्माने गुलाम असलेल्या आणि मोल देऊन स्वतःला सोडवणाऱ्या रिचर्ड ॲलन यांनी गोऱ्यांच्या चर्चमधली अपमानास्पद वागणूक नाकारून १७९४ मध्ये फिलाडेल्फियात बेथेल चर्च सुरू केले. त्यांच्या हातीही तेच बायबल होते.

सरकारी चर्चचा शेवटचा बालेकिल्ला होता मॅसॅच्युसेट्स, आणि इथे या कथेचा धागा मुंबईला येऊन जुळतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकी मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनी त्यांना परत धाडायला निघाली होती, तरी ते चिकाटीने राहिले. पुढे याच मिशनने अहमदनगरला बस्तान बसवले आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. हॉल-नॉट यांना पाठवणारी संस्था मॅसॅच्युसेट्सच्या सनातनी काँग्रिगेशनल, म्हणजे प्युरिटनांचा वारसा चालवणाऱ्या पंथाच्या मंडळींनी १८१० मध्ये स्थापलेली आणि भाविकांच्या देणग्यांवर चालणारी. गंमत अशी की मुंबईत परक्या सरकारकडे प्रचाराची मोकळीक मागणाऱ्या या मंडळींच्या घरी, मॅसॅच्युसेट्समध्ये, चर्चसाठीचा कर सुरूच होता आणि त्याचा मोठा लाभ त्यांच्याच पंथाला होत होता.

तो कर सुटला कसा? १८२० मध्ये डेडहॅम गावच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की धर्मोपदेशक निवडण्याचा आणि चर्चच्या मालमत्तेचा हक्क दीक्षित सभासदांचा नाही, गावच्या धर्मक्षेत्रातल्या सर्व मतदारांचा. आणि अनेक गावांत बहुमत झुकले होते ते येशूला देव न मानणाऱ्या युनिटेरियनांकडे. बघता बघता सनातन्यांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्यांची चर्च गेली. ज्यांना ते पाखंडी म्हणत, त्यांच्या धर्मोपदेशकांचा पगार सरकारी करातून निघू लागला. बाप्टिस्ट जे शंभर वर्षे ओरडून सांगत होते, ते आता सनातन्यांच्या खिशाला जाणवले. १८३३ मध्ये मतदारांनी प्रचंड बहुमताने तो कर रद्द केला.