चाकांवरच्या गप्पा : गाडीचं डाएट

गेल्या अंकातल्या 'जुन्या गाड्यांचे लाड' या लेखावर मरीन परेडच्या एका वाचकमित्राचा प्रश्न आलाय. त्यांच्याकडे एक जुनी मिनी आहे, क्लासिक योजनेतली. म्हणजे वय ३५च्या पुढे आणि वर्षातून ४५ दिवस रस्त्यावर. गाडी चपळ करायची म्हणून ते तिचं वजन उतरवायला निघालेत. मागची सीट, गालिचे, स्टेपनी, काचा, जे निघेल ते काढायचं! घरात यावरून जुंपली आहे, कारण आईंचा सवाल आहे, "मागची सीट काढलीस तर मी बसू कुठं? टपावर?"

सवाल रास्त आहे. पण मुळात वजन उतरवण्याची कल्पना चुकीची नाही, हे आधी सांगून टाकतो.

ओल्ड अप्पर थॉमसन रोडवरून कधी गेला असाल तर तो जुन्या शर्यतीच्या रिंगणाचा भाग आहे. १९६१ ते १९७३ इथे भर रस्त्यावर मोटारींच्या शर्यती होत. फेरी ४.८ किलोमीटरची. एका अंगाला मैलभराचा जवळजवळ सरळ पट्टा, दुसऱ्या अंगाला 'स्नेक्स' नावाची नागमोडी वळणं. १९६२ साली याँग नाम की यांनी इथे जॅग्वार ई-टाइप घेऊन बाजी मारली. इंजिन ३.८ लिटरचं, गाडी टनाहून जड. पुढच्याच वर्षी जिंकले हाँगकाँगचे अल्बर्ट पून, गाडी लोटस २३. तिचं इंजिन ई-टाइपच्या निम्म्याहूनही लहान, पण अख्खी गाडी साधारण साडेचारशे किलोची! लोटसवाल्या कॉलिन चॅपमनचं सारं तत्त्वज्ञान हेच : घोडे वाढवण्याआधी ओझं कमी करा. मिनीनंही तेच दाखवलं. १९६४च्या माँटे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्कच्या १०७१ सीसीच्या कूपर एसनं अमेरिकन व्ही-८ इंजिनांच्या फोर्ड फाल्कनना मागं टाकलं.

आता जरा हिशेब. (शाळेत गणिताशी पटलं नाही त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) साधी ८४८ सीसीची मिनी भरते सहाशे किलोच्या आसपास, ताकद ३४ हॉर्सपॉवर. चालक धरून झाले पावणेसातशे किलो. त्यातले ६० किलो कमी केले तर वेग घेताना जवळजवळ ३७ हॉर्सपॉवरची गाडी चालवल्यासारखं वाटेल. शिवाय वाढवलेले तीन घोडे फक्त पळताना कामाला येतात. कमी केलेले ६० किलो ब्रेक लावताना आणि वळतानाही साथ देतात. कमाल वेगात मात्र फार फरक पडणार नाही, तिथं खरा विरोध हवेचा असतो. पण सिंगापुरात ९०च्या वर कुठंच जायचं नाही, तेव्हा कमाल वेग घेऊन करायचंय काय? इथं उपभोगता येईल असा चपळपणा वळणावर आणि सिग्नल सुटल्यावरच.

तेव्हा सुरुवात डिकीपासून करा. आपल्या मंडळींच्या डिकीत काय काय निघतं! छत्र्या, बॅडमिंटनच्या रॅकेटा, ईस्ट कोस्टच्या सहलीच्या घडीच्या खुर्च्या, गेल्या गणेशोत्सवातल्या सतरंज्या. एका दमात पंधरा-वीस किलो, खर्च शून्य. पेट्रोलही मोजा. मिनीची २५ लिटरची टाकी भरली की १८-१९ किलो होतात. अर्धी टाकी ठेवायची युक्ती गावात ठीक, पण मलेशियात जायचं असेल तर टाकी किमान पाऊण भरलेली हवी हा नियम वुडलँड्सला आडवा येतोच.

मग गालिचे आणि त्याखालच्या डांबरी पट्ट्या. हे मी नक्की उचलायला सांगेन, पण वजनासाठी नव्हे. आपल्याकडची दमट हवा आणि मरीन परेडचा खारा वारा, यात गालिच्याखाली पाणी धरून राहतं आणि पत्रा आतून सडतो. गंज हा फुकटातला डाएटिशियन आहे, फक्त तो नको तिथलं वजन उतरवतो! मिनीला वेगळी चासी नाही. फरशी, दाराखालचा उंबरा, छप्पर मिळूनच तिचा सांगाडा, आणि मागची सबफ्रेम तर गंजण्यासाठी बदनाम. या भागांना वजनासाठी भोकं पाडायचा सल्ला कुणी गॅरेजवाल्यानं दिला तर त्याला चहा पाजा आणि दुसरा मेकॅनिक शोधा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वजन कुठून उतरतं. मिनीचं इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढं, त्यामुळे गाडी मुळातच नाकाकडं जड. बॅटरी, स्टेपनी, टाकी मागं आहेत म्हणून थोडा तोल राहतो. हौसेनं डिकी आणि मागची सीट रिकामी केली की मागची चाकं आणखी हलकी होतात, आणि पावसात जोरात ब्रेक दाबला की तीच आधी जाम होऊन गाडीचं बूड पुढं येऊ पाहतं. मिनीच्या मागच्या ब्रेकला दाब आवरणारा व्हॉल्व्ह असतो तो याचसाठी, पण तो जुळवलेला असतो पूर्ण वजनाच्या गाडीला. आणि मागची सीट भरते किती? फोम आणि कापड, जेमतेम काही किलो. तेवढ्यासाठी आईंना घरी बसवायचं? सीट राहू द्या.

वजन उतरवायचंच तर नाकाकडून आणि चाकांतून उतरवा. फायबरग्लासचं बॉनेट, लोखंडी चाकांऐवजी अॅल्युमिनियमची. चाकाचं वजन फिरतंही आणि खड्ड्यात उसळतंही, म्हणून तिथला एक किलो इतर ठिकाणच्या किलोहून मोलाचा. मूळ बॉनेट मात्र फेकू नका, उद्या गाडी विकायची वेळ आली तर खरा भाव मूळ भागांना मिळतो. ते ठेवायचं कुठं म्हणाल तर सत्तरच्या दशकातल्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली! काचांच्या जागी प्लॅस्टिक नको. चरे पडतात, रात्री समोरच्या दिव्यांनी काही दिसत नाही. काही बदलांना एलटीएची परवानगी लागते, काही चालतच नाहीत, काहींना विचारायची गरज नसते. आपला बदल कुठल्या खान्यात बसतो ते पाना हातात घेण्याआधी विचारून घ्या.

डोंबिवली-पुण्याला बाबांची पद्मिनी उभी असेल त्यांच्यासाठी एक ओळ. ती जवळजवळ ९०० किलोची आणि ४० घोड्यांची, पण भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलंय. तिथं टपावरचं कॅरिअर उतरवा, तेवढंही पुष्कळ.

काम झाल्यावर पुढचं आणि मागचं वजन वेगवेगळं काट्यावर करून घ्या, गाडीची उंची आणि ब्रेक तपासा, मगच ईसीपीवर काढा. पुढच्या अंकात : क्लासिकचे ४५ दिवस कसे वापरायचे, आणि उरलेले ३२० दिवस बॅटरी कशी जिवंत ठेवायची.