उभ्या गाडीचं भाडं

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे चाकांवरचं फिरतं घर, किंवा बोट घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला विक्रेता पुष्कळ काही सांगतो. आत किती माणसं झोपतील, फ्रीज केवढा आहे, इंजिन किती ताकदीचं, महिन्याचा हप्ता किती बसेल. एक प्रश्न मात्र दोघांपैकी कुणीच काढत नाही : ही ठेवणार कुठे? त्याचं उत्तर खरेदीनंतर काही दिवसांतच मिळतं, बहुधा सोसायटीच्या नोटिशीच्या रूपानं. मग गावाबाहेर, हायवेच्या कडेला, तारेचं कुंपण घातलेल्या खडीच्या मैदानात एक पट्टा भाड्यानं घ्यावा लागतो आणि गाडी हलो न हलो, दर महिन्याला पैसे भरावे लागतात. या भाड्याच्या नावानं बोटं मोडणं हा तिथल्या हौशी मंडळींचा आवडता उद्योग आहे. मला मात्र वाटतं की या सगळ्या हौसेत प्रामाणिक आकडा कुठला असेल तर तो हाच. भाडं योग्य आहे. ते फार उशिरा कळतं, एवढीच खरी तक्रार होऊ शकते.

घराजवळ ही वाहनं का मावत नाहीत ते आधी पाहू. अमेरिकन घराच्या गॅरेजचं दार साधारण ७ ते ८ फूट उंच असतं आणि आतली लांबी २० ते २२ फूट. आरव्हीचा सर्वांत मोठा प्रकार म्हणजे बसच्या सांगाड्यावर बांधलेलं अख्खं घर; ते १२-१३ फूट उंच आणि ४० फूट किंवा त्याहूनही लांब असू शकतं. गाडीमागे ओढत न्यायचा ट्रेलरही १० फुटांच्या वर सहज जातो. बोटीचं माप तर आणखी फसवं. कागदावर २४ फुटांची असलेली बोट ट्रेलरवर चढली की पुढचा दांडा आणि मागचं इंजिन धरून २८-३० फूट जागा घेते, आणि भाडं आकारताना हीच लांबी मोजतात, माहितीपत्रकातली नव्हे. राहता राहिला घरापुढचा ड्राइव्हवे. पण आज साडेसात कोटींच्या आसपास अमेरिकन लोक गृहसंकुलांच्या संघटनांच्या, म्हणजे तिथल्या बोलण्यातल्या एचओएच्या, अमलाखाली राहतात. घराला रंग कुठला द्यावा, कचऱ्याचा डबा किती वाजता बाहेर ठेवावा इथपर्यंत लक्ष घालणाऱ्या या संघटना; न्यू जर्सीत किंवा डॅलसच्या उपनगरांत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना त्यांची ओळख करून द्यायला नको. त्यांच्यातल्या कित्येकींच्या नियमांत आरव्ही आणि बोट दारात उभी करायला बंदी असते. संघटना नसली तरी अनेक नगरपालिका सामान भरण्या-उतरवण्यापुरतीच एक-दोन, फार तर तीन दिवसांची मुभा देतात.

तेव्हा जागा भाड्यानं घेणं आलं. ४० फुटी गाडीला १२ फूट रुंदीचा पट्टा लागतो, म्हणजे ४८० चौरस फूट. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात कुटुंबाला मिळणारं घर ३०० चौरस फुटांचं असतं आणि बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातलं ५०० चौरस फुटांचं, हे डोळ्यांपुढे आणलं की मागणी केवढी आहे ते कळतं. दर जागेगणिक बदलतात. उघड्यावर, खडीवर उभी करायची तर महिन्याला साधारण ५० ते १५० डॉलर. वर पत्र्याचं छप्पर हवं असेल तर १०० ते २५०. चारी बाजूंनी बंद, वीज असलेली जागा शहराजवळ ४०० च्या पुढेही जाते. अमेरिकेत भाड्यानं सामान ठेवण्याची केंद्रं आज ५० हजारांहून अधिक आहेत. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात एल कहोन या गावी सुरू झालेली ‘पब्लिक स्टोरेज’ तर शेअर बाजारातल्या बड्या कंपन्यांत मोजली जाते. या धंद्यात बोटी आणि आरव्हींचा तळ हा सर्वांत कमी भांडवलाचा प्रकार. इमारत नको, नुसती खडी, कुंपण, फाटक आणि कॅमेरे. जमिनीचा भाव वाढेपर्यंत तिच्यातून काहीतरी उत्पन्न निघत राहतं. करार महिन्या-महिन्याचा असतो, सुरुवातीचा दर आकर्षक असतो आणि पुढे तो चढत जातो. ४० फुटांची गाडी हलवून दुसरीकडे नेण्याचा कंटाळा मालकाला किती आहे, याचा अंदाज धंदेवाल्यांना चांगला असतो.

आता हिशेब. आरव्ही बनवणाऱ्या उद्योगाच्याच संघटनेनं २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत असं दिसलं की निम्मे मालक आपली गाडी वर्षाकाठी २० दिवस किंवा त्याहूनही कमी वापरत होते. उघड्यावरच्या जागेचं भाडं महिन्याला १०० डॉलर धरलं तर वर्षाचे १,२०० होतात. २० दिवसांवर ते वाटले की वापराच्या प्रत्येक दिवसामागे ६० डॉलर. छपराखालची २०० डॉलरची जागा असेल तर १२० डॉलर. बऱ्याच राज्य उद्यानांत विजेची सोय असलेली मुक्कामाची जागा रात्रीला ३० ते ६० डॉलरना मिळते. म्हणजे गाडी जिथे न्यायची तिथल्या रात्रीपेक्षा ती जिथे पडून असते तिथला खर्च बहुतेकदा जास्त, आणि यात हप्ता, विमा, इंधन, घसारा यांतलं काहीच धरलेलं नाही. बरं, भाडं भरून गाडी टिकते म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही. उन्हानं छताचे सांधे फाटतात, बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकीत पडून खराब होतं आणि टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. थंड प्रदेशात हिवाळ्यापूर्वी नळांतलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरावं लागतं, बोटीला प्लास्टिकचं वेष्टण गुंडाळावं लागतं. त्याचे पैसे वेगळे.

एवढा साधा गुणाकार-भागाकार शिकलेली माणसं का करत नाहीत? अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी दाखवून दिलंय की माणूस मनात पैशांचे वेगवेगळे कप्पे करतो आणि एका कप्प्यातला खर्च दुसऱ्यात मोजत नाही. गाडीची किंमत ‘कुटुंबाच्या आनंदा’च्या कप्प्यात गेली, भाडं मात्र वीजबिल आणि फोनबिलाच्या रांगेत जाऊन बसलं, दोघांची गाठ कधी पडतच नाही. अमेरिकन प्राप्तिकर कायद्याचाही इथे हातभार आहे. झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असेल तर आरव्हीला किंवा बोटीला तो दुसरं घर मानतो आणि तिच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट घेऊ देतो. त्यामुळे विक्रेत्याला ‘सरकारही मदत करतं’ असं सांगता येतं. घर मानलेल्या या वस्तूला उभं राहायला जमीन लागते, ही गोष्ट कायद्याच्या गावीही नाही. त्यात करोनाकाळाची भर पडली. विमानं आणि हॉटेलं बंद असताना लोक आरव्हीकडे वळले आणि २०२१ मध्ये कारखान्यांतून ६ लाखांवर गाड्या बाहेर पडल्या, आजवरचा उच्चांक. २०२३ मध्ये तो आकडा ३ लाख १३ हजारांच्या आसपास घसरला. तेजीत घेतलेल्या या गाड्यांवर १५-२० वर्षांची कर्जं आहेत, आणि गाडीची किंमत कर्जापेक्षा वेगानं उतरते. विकायला काढली तर तोटा एकदम अंगावर येतो. तळावर ठेवली तर दरमहा थोडा थोडा जातो. बहुतेक जण दुसरा मार्ग धरतात, आणि त्यांची अडचण समजण्यासारखी आहे.

या भाड्याविरुद्धचा सर्वांत जोरदार आक्षेप असा की माझ्या जमिनीवर माझी गाडी उभी करायला मला बंदी का? यात अर्धं तथ्य आहे. घराच्या कडेला, कुंपणाआड उभी असलेली बोट कुणाच्या वाटेत येत नाही. तिलाही बंदी करणाऱ्या संघटना शेजाराचं हित बघत नसतात, मोहल्ल्याचा नखरा सांभाळत असतात. पण घर घेताना ती नियमावली सही करून स्वीकारलेली असते, आणि रस्त्याचा प्रश्न तर निराळाच आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तेव्हा शिकवत असलेले डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये फुकट पार्किंगच्या किमतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचं सांगणं असं की जागा कधीच फुकट नसते. गाडीवाला पैसे देत नसेल तर घरभाड्यातून, दुकानातल्या किमतींतून, करातून ते इतर लोक देत असतात, गाडी नसलेलेसुद्धा. साधी मोटार ९५ टक्के वेळ उभीच असते, यावर त्यांचा भर होता. वर्षातले २० दिवस वापरल्या जाणाऱ्या आरव्हीचा हिशेब दिवसांत केला तरी जवळपास तिथेच पोचतो. कोकणात जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वाळूवर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवतात, त्यांना कुणी भाडं मागत नाही, असं यावर म्हणता येईल. पण ती होडी बंदीचे दोन महिने सोडले की मोसमभर कामावर असते आणि गावातल्या घरांचं पोट चालवते. गावानं तिला किनारा दिला तर तो गावाचाच व्यवहार झाला. हौसेच्या गाडीसाठी शेजाऱ्यांनी रस्ता सोडावा, याला तसं काही कारण दाखवता येत नाही.

दुसरा आक्षेप मनाला भिडणारा आहे : आनंदाचा असा दिवसावारी हिशेब मांडायचा नसतो. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण भाडं उरलेल्या ३४५ दिवसांचं आहे, ज्या दिवशी कुणी तळ्याकाठी नसतं. आणि त्या २० दिवसांचा आनंद दुसऱ्या वाटेनंही मिळतो. दुसऱ्याची आरव्ही काही दिवसांपुरती भाड्यानं मिळवून देणारी ‘आरव्हीशेअर’सारखी सेवा २०१३ पासून चालू आहे. बोटीसाठी वर्गणी भरून वाटून वापरायचे क्लब त्याहून जुने. त्यांतला ‘फ्रीडम बोट क्लब’ १९८९ मध्ये फ्लोरिडात निघाला आणि २०१९ मध्ये तो बोटींची इंजिनं बनवणाऱ्या ब्रन्सविक कंपनीनंच विकत घेतला. बोटींची इंजिनं विकणाऱ्यालाही वाटून वापरण्यात धंदा दिसला, हे पुरेसं बोलकं आहे. या सोयी निर्दोष नाहीत. चार जुलैच्या आणि लेबर डेच्या सुट्टीला सगळ्यांनाच एकदम बोट हवी असते. कुत्रा बरोबर असेल किंवा आजीची औषधं आणि अंथरूण कायम गाडीत तयार हवं असेल, तर परकी गाडी गैरसोयीची होते. निवृत्त जोडपी थंडीचे महिने ॲरिझोनात काढतात, त्यांचा हिशेबही वेगळा लागतो. वर्षाला ६५ दिवस वापर असेल तर तेच १,२०० डॉलर दिवसाला साडेअठरावर येतात, आणि मग मालकीला नाव ठेवायला जागा राहत नाही. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर हजारो माणसं जुन्या आरव्हींतच राहतात, त्यांना तर यातलं काहीच लागू नाही. तळाच्या करारात आत राहायला मनाई असते, आणि त्यांच्याकडे ती गाडी सोडून दुसरं घर नाही.

जागेचा प्रश्न खरेदीच्या आधी विचारण्याची सक्ती जपाननं १९६२ च्या कायद्यानं केली. तिथे मोटार नोंदवण्यापूर्वी घरापासून २ किलोमीटरच्या आत जागा असल्याचा पोलिसांचा दाखला लागतो. महाराष्ट्राच्या परिवहनमंत्र्यांनीही मे २०२५ मध्ये, पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नवी गाडी नोंदवू देणार नाही, असं जाहीर केलं. लगेच खोट्या दाखल्यांची चर्चा सुरू झाली, आणि आपल्याकडचे दाखले ज्यांनी पाहिलेत त्यांना ती अस्थानी वाटणार नाही. अमेरिकेत आरव्ही-बोटीसाठी एवढ्या सक्तीची गरज मला दिसत नाही. १९६८ च्या कायद्यानुसार तिथे ग्राहकाला कर्ज देताना व्याजाचा खरा वार्षिक दर कागदावर लिहून द्यावा लागतो. त्याच धर्तीवर विक्रीच्या कागदावर गाडीची प्रत्यक्ष उभी लांबी आणि त्या भागातलं महिन्याचं भाडं यांची एक ओळ आली तरी पुरे. विक्रेते म्हणतील, यानं गिऱ्हाइकं परत जातील. काही जातीलही. पण जुन्या गाड्यांच्या बाजारात ही ओळ न लिहिताही वाचली जातेच. मोसम सुरू होण्याआधी, मार्च-एप्रिलात विकायला काढलेल्या आरव्हीला बरी किंमत येते. तीच ऑक्टोबरात काढली तर घेणारा पुढच्या सहा महिन्यांचं भाडं मनात मांडतो आणि भाव तेवढा पाडून मागतो.