नक्कल : जतनाची आणि लुटीची

वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीपुढे नतमस्तक होणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की १६८९ साली हौतात्म्य पत्करणारा हा राजा संस्कृत ग्रंथकारही होता? त्यांचा ‘बुधभूषण’ हस्तलिखितरूपाने टिकला आणि १९२६ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेकडून मुद्रित झाला. छापखान्यापूर्वी ग्रंथ जगले ते नकलांवरच. म्हणूनच नक्कल म्हणजे चोरी, हे सरसकट समीकरण आपल्याला मान्य होण्यासारखे नाही.

तथापि, प्रत्येक नक्कल जतनासाठीच असते असेही नव्हे. जपानमध्ये हौशी चित्रकार स्वखर्चाने चित्रकथा छापून स्वतःच विकतात. त्यांना ‘दोजिन्शी’ म्हणतात. २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योत या पुस्तकांचा ‘कॉमिक मार्केट’ प्रथम भरला, तेव्हा सहभागी मंडळे होती अवघी ३२. आज तेथे लाखोंची गर्दी लोटते. यांतील कित्येक कथांची पात्रे दुसऱ्यांच्या गाजलेल्या मालिकांतून घेतलेली असतात. मूळ प्रकाशक बहुधा काणाडोळा करतात, कारण नवे चित्रकार याच मांडवाखाली घडतात. परंतु हीच पुस्तके पानापानाने स्कॅन होऊन संकेतस्थळांवर फुकट वाटली जातात, तेव्हा मार बसतो तो पदरमोड करून मोजक्या प्रती काढणाऱ्याला. उसन्या पात्रांवर जगणाऱ्याने तक्रार का करावी, असे विचारले जाते. पात्र उसने असेल. रेषा, श्रम आणि छपाईचे बिल मात्र त्याचेच असते.

मराठीत प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. १९६४ साली सुरू झालेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९९० साली बंद पडली. त्यांतील ‘वेताळ’चे जुने मराठी अंक दुकानात मिळत नाहीत, वाचकांनी केलेल्या स्कॅनमुळेच ते नव्या पिढीपर्यंत पोहोचतात. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. वाळवी तितका काळ थांबत नाही.

तेव्हा निकष साधा असावा. जे पुस्तक विकत मिळते, त्याची फुकट नक्कल ही लूट होय. जे नामशेष होत आहे, त्याचे जतन ग्रंथालयांनी अंगावर घ्यावे. कर्ता सापडत नसल्यास परवाना मिळविण्याची तरतूद १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात आहे. उद्या वढूच्याच एखाद्या विद्यार्थ्याने चित्रकथा छापून पंचवीस रुपयांना विकावयास ठेवली, तर पहिली प्रत त्याच्या शिक्षकांनी विकत घ्यावी. तिची छायाचित्रे मोबाइलवरून गावभर धाडणे हे कौतुक नव्हे.