परक्या समुद्राचं पाणी

न्हावा-शेवाच्या बंदरात जहाजावर माल चढतो, तेव्हा तोल सांभाळण्यासाठी टाक्यांत भरलेलं दूरदेशीचं पाणी समुद्रात सोडावं लागतं. त्याबरोबर शैवाल, शिंपल्यांच्या अळ्याही येतात. उरण-करंजाच्या कोळ्यांनी याची काळजी का करू नये? असं पाणी सोडण्याबाबत 2017 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराची मर्यादा स्पष्ट आहे: 10 ते 50 मायक्रॉनचे जिवंत जीव मिलिलिटरमागे दहापेक्षा कमी. पण इतके विरळ जीव मोजण्याआधी एकत्र आणावे लागतात, आणि बारीक जाळी गाळाने तुंबते.

म्हणून जाळीऐवजी सूक्ष्मनलिकांचा विचार करू. सेग्रे आणि सिल्बरबर्ग यांनी 1961 मध्ये दाखवलं, की नळीतून वाहणारे गोल कण मध्यापासून त्रिज्येच्या साधारण 0.6 अंतरावर आपोआप कडं धरतात. प्रवाहाच्या वेगातला फरक कणाला बाहेर ढकलतो, भिंत त्याला परत लोटते. दोन्ही जोर जिथे जुळतात, तिथे तो स्थिरावतो. नलिका केसाएवढी आणि वेग पुरेसा असला, तर पेशीही अशाच रांगेत येतात. नलिका चक्राकार वळवली की आडवे भोवरे आकारानुसार रांगा वेगळ्या करतात. जाळी नको, रसायन नको.

अडचण खरी आहे. शैवाल क्वचितच गोल असतं. लांबट पेशी वेगळ्या जागी स्थिरावते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने न्हावा-शेवा बंदरातल्या जीवांचं सर्वेक्षण केलेलं आहे, लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. दोघांनी मिळून आपल्या खाडीचं गढूळ पाणीच या नलिकांतून सोडून पाहावं.