आजींच्या हातातली गोधडी काढून घेऊ नका

थंडी पडली की दवाखान्यात हात दुखण्याची तक्रार घेऊन येणारे वाढतात. सकाळी बोटं आखडतात, कपबशी उचलताना कळ येते, अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो. यांत साठीच्या पुढच्या बायका जास्त असतात. सोबत मुलगा किंवा सून असते आणि एक वाक्य हमखास ऐकू येतं, "डॉक्टर, तुम्हीच सांगा यांना, आता हे शिवण-टिपण बंद करा म्हणून. आमचं ऐकत नाहीत."

आणि डॉक्टर सांगून टाकतात. मीही सांगत असे. आज मी त्याच सल्ल्याविरुद्ध लिहिणार आहे.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) बोटांच्या टोकांकडच्या सांध्यांवर टणक गाठी, सकाळी दहा-पंधरा मिनिटं आखडलेपण, दुपारी सुई धरली की दुखणं. एक्स-रेमध्ये सांध्यांची झीज दिसत होती. त्या दिवसांत त्या गोधडी शिवत होत्या. जूनमध्ये नातू होस्टेलला जाणार होता, त्याच्यासाठी. घरातली जुनी सुती लुगडी आणि आजोबांची दोन धोतरं थराला लावून झाली होती. कडेने शिवत शिवत मधल्या भागापर्यंत काम आलं होतं.

मी गोळ्या लिहिल्या आणि म्हणालो, "आजी, पुष्कळ केलंत आयुष्यभर. आता शिवण बंद. आराम करा." सुनेला बरं वाटलं. तिचा हेतू चांगलाच होता. घरी जाऊन तिने गोधडीची घडी घातली आणि ट्रंकेत ठेवून दिली. नातवासाठी बाजारातून ब्लँकेट आणलं.

पुढच्या थंडीत आजी परत आल्या. आता मूठ पुरती मिटत नव्हती. ब्लाऊजचे हुक लावायला सून लागत होती. वजन चार किलोंनी उतरलं होतं. झोप पहाटे तीनला मोडायची. प्रश्न विचारला तर उत्तर सून द्यायची, आजी खाली बघत बसायच्या. रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ सगळं तपासलं, स्मरणशक्तीची चाचणी घेतली. त्यांत फारसं काही सापडलं नाही. त्यांना नैराश्य आलं होतं. दिवसभर काय करता, असं विचारल्यावर म्हणाल्या, "काय करणार? हात दुखतात म्हणून तुमच्याकडे आले होते, तर तुम्ही हातातलं कामच काढून घेतलंत."

नैराश्याला एकच कारण नसतं, हे मला माहीत आहे. आजोबा जाऊन तीन वर्षं झाली होती, नातूही घरातून गेला होता. पण त्या एका वर्षात आजींच्या दिवसातून एक मोठा भाग गेला होता आणि तो माझ्या चिठ्ठीने गेला होता.

सांधा वापरला तर झिजतो का?

आपल्याकडे सांध्याची तुलना गाडीच्या टायरशी करतात. जितका चालवाल तितका झिजेल. ही तुलना चुकीची आहे. टायर मेलेलं रबर आहे, सांधा जिवंत आहे. हाडांच्या टोकांवर जी कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून तिला पोषण मिळतं, आणि सांधा हलला, दाबला गेला, सुटला की तो द्रव तिच्यात आत-बाहेर होतो. सांधा हलवलाच नाही तर हे पोषण मंदावतं, भोवतीचे स्नायू बारीक होतात, आवरण आकसतं. म्हणूनच प्लास्टरमध्ये सहा आठवडे ठेवलेला तरुण माणसाचा निरोगी हातसुद्धा प्लास्टर काढल्यावर आखडलेला असतो.

हाताच्या सांध्यांची झीज असणाऱ्यांना आम्ही बोटांचे व्यायाम देतो. मूठ उघडा, मिटा, अंगठ्याने प्रत्येक बोटाला स्पर्श करा. हे दिवसातून दोन-तीनदा करा म्हटलं तर चार दिवसांनी कोणी करत नाही. पण गोधडीचा धावदोरा घालताना, लोकर विणताना, वाती वळताना बोटं हेच तासन् तास करत असतात, आणि त्याचा कंटाळाही येत नाही.

मग थंडीत दुखतं का? गार हवेत हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बोटं गार पडतात, स्नायू ताठरतात. त्यात आपण हालचालही कमी करतो. हा त्रास ऊब आणि हालचाल यांनी कमी होतो. मनाने पेनकिलर घेत राहू नका. म्हातारपणी त्या गोळ्यांनी पोटात व्रण होऊ शकतात, रक्तदाब वाढतो, किडनीवर ताण येतो. बोटांच्या दुखण्याला आधी लावायचं औषध बघावं, तेही डॉक्टरांना विचारून.

हाताचं काम आणि मन

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पंच्याऐंशी वर्षं आणि त्यापुढच्या २५६ लोकांवर त्यांनी सुमारे चार वर्षं लक्ष ठेवलं. चित्रकला, शिवणकाम, सुतारकाम, मातीकाम असं काही करणाऱ्यांमध्ये स्मरणशक्तीची सुरुवातीची घसरण कमी आढळली. मित्रांना भेटणाऱ्यांमध्येही ती कमी होती.

याचा अर्थ गोधडी शिवली की विस्मरणाचा आजार होत नाही, असा नाही. कदाचित ज्यांचा मेंदू आधीच चांगला चालत होता, त्यांनाच अशी कामं करणं जमत असेल. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही. पण दवाखान्यात रोज दिसणारी गोष्ट सांगतो. ज्या म्हाताऱ्या माणसाला सकाळी उठल्यावर 'आज एवढं करायचंय' असं काहीतरी असतं, त्याची झोप, भूक आणि बोलणं बहुधा बरं असतं. नैराश्याच्या उपचारातही औषधांच्या जोडीला आम्ही हेच करतो. माणसाला आवडणारं, अर्थ वाटणारं काम थोडं थोडं परत दिवसात आणतो.

आणि थंडीत ही गरज जास्त असते. संध्याकाळ लवकर होते, देवळातली आणि कट्ट्यावरची बैठक लवकर मोडते. मुलं कामावर, नातवंडं क्लासला, टीव्हीसमोर आजी एकट्या. आपल्या जुन्या घरांनी याच दिवसांत हाताची कामं काढून ठेवलेली असत. दिवाळीचा आकाशकंदील, मग गोधड्या, लोकरीचं विणकाम, डिंकाचे लाडू आणि संक्रांतीचा हलवा. शेगडीवरच्या परातीत तिळावर पाक थेंब थेंब टाकत, बोटांनी हलवत, दिवसच्या दिवस तो फुलवायचा. कोरड्या थंड हवेतच त्याला चांगला काटा येतो. मग त्याचे दागिने. हे सगळं घोळक्यात बसून व्हायचं.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप : "सगळं विकत मिळतं, मग कशाला?" खरं आहे. गोधडीसुद्धा मिळते आणि स्वेटर तर कुठेही मिळतो. वस्तूसाठी हे काम करा, असं मी म्हणतच नाही. ज्या हातांनी घर उभं केलं, त्या हातांची घरात आता गरज नाही, हे आपण रोज नकळत सांगत असतो. ते थांबवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या बायकांनी आयुष्यभर ढोरमेहनत केली. आता डॉक्टर पुन्हा त्यांना कामाला लावणार का? मुळीच नाही. पाच माणसांच्या पोळ्या, धुणी आणि नातवंडं सांभाळणं हे 'हातांचा व्यायाम' या नावाखाली आईच्या गळ्यात घालू नका. मी बोलतोय ते आवडीच्या कामाबद्दल, जे कधीही थांबवता येतं आणि ज्याची कोणी घाई करत नाही. शिवण ज्यांना कधीच आवडलं नाही, त्यांनी आता आवडून घ्यायची गरज नाही. त्यांनी कुंड्या लावाव्यात, रांगोळी काढावी.

आणि हे फक्त बायकांसाठी नाही. निवृत्तीनंतर आजोबांचे हात तर आणखी रिकामे होतात. मोडकी खुर्ची, सायकलचं पंक्चर, नातवाचा पतंग, पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं टांगणं, यांतलं काहीही चालेल.

काम कसं करावं?

'करा' म्हणणं सोपं आहे. दुखणाऱ्या हातांनी ते जमावं म्हणून काही गोष्टी बघाव्या लागतात.

• सुरुवातीला पाच-दहा मिनिटं हात कोमट पाण्यात ठेवा. मधुमेहामुळे हातांची संवेदना कमी असेल तर पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याने आधी बघावं.

• वीस-पंचवीस मिनिटं काम, मग पाच मिनिटं विश्रांती. त्या वेळात उठून घरात चार पावलं चाला, लांब बघा, डोळ्यांना आराम द्या.

• काम संपल्यावर दुखणं थोडं वाढलं आणि तासा-दोन तासांत उतरलं तर चालेल. दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं तर काम निम्मं करा. बंद करू नका.

• जाड सुई, मोठं नाकं, बोटात अंगुस्तान. सुयांच्या आणि कात्रीच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड केली की पकड सोपी होते. मधुमेहींनी अंगुस्तानाशिवाय शिवू नये. टोचलेलं कळत नाही आणि जखम चिघळते.

• गुडघे दुखत असतील तर जमिनीवर बसून शिवायचा हट्ट नको. पाठीला आधार असलेली खुर्ची आणि समोर टेबल. गोधडीचं ओझं टेबलावर राहू द्या.

• दिवसाच्या उजेडात बसा. चष्म्याचा नंबर वर्षभरात तपासला नसेल तर आधी तो तपासा. "आता शिवता येत नाही" म्हणणाऱ्या कित्येकांचं खरं दुखणं मोतीबिंदू असतं आणि त्यावर उपाय आहे.

• हलव्यासाठी किंवा ऊब घ्यायला कोळशाची शेगडी पेटवली तर दारं-खिडक्या उघड्या ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोकं दुखू लागतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस झोपेतच दगावतो.

• बोरन्हाण असेल तर पाच वर्षांखालच्या मुलांच्या तोंडात बोरं, हलवा, शेंगदाणे जाणार नाहीत हे बघा. श्वासनलिकेत अडकतात.

आणि चालणं सोडू नका. बसून केलेलं कुठलंच काम रोजच्या अर्ध्या तासाच्या चालण्याची जागा घेत नाही.

डॉक्टरांकडे कधी जावं?

सकाळचं आखडलेपण तासभर किंवा जास्त टिकतं, सांधे मऊसर सुजतात आणि गरम लागतात, दोन्ही हातांचे तेच सांधे दुखतात, अशा वेळी तो संधिवात असू शकतो. त्याला लवकर औषध लागतं. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या येऊन जाग येत असेल तर मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता असते. अशा वेळी काम थांबवून आधी दाखवा. अचानक एका हातातली शक्ती गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर थेट हॉस्पिटल गाठा. थंडीत रक्तदाब वाढतो, हे लक्षात असू द्या.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस आई किंवा वडील गप्प गप्प असतील, जेवण कमी झालं असेल, "आता काय उरलंय" असं बोलत असतील, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. नैराश्य हा आजार आहे आणि म्हातारपणीही तो बरा होतो.

त्या आजींचं काय झालं?

औषध सुरू केलं, बोटांचे व्यायाम दिले आणि सुनेला सांगितलं, ट्रंकेतली गोधडी बाहेर काढा. सुरुवातीला आजींनी हातही लावला नाही. मग सुनेने एक युक्ती केली. "आई, मला धावदोरा घालायला शिकवा," म्हणून ती स्वतःच शिवायला बसली. तिचे टाके वाकडे पडत होते. दोन दिवस आजींनी बघून घेतलं, तिसऱ्या दिवशी सुई मागून घेतली. शेजारची सात वर्षांची मुलगी सुईत दोरा ओवून द्यायला येऊ लागली. लहान मुलांच्या बोटांना असं काम हवंच असतं.

चमत्कार झाला नाही. गाठी आहेत तशाच आहेत, कडाक्याच्या थंडीत हात अजूनही दुखतात, नैराश्याची गोळी वर्षभर घ्यावी लागली. पण होळीच्या आसपास आल्या तेव्हा ब्लाऊजचे हुक स्वतः लावत होत्या आणि माझ्या प्रश्नांची उत्तरं स्वतः देत होत्या. गोधडी नातवाकडे गेली. सुनेचे वाकडे टाके त्यांनी उसवले नाहीत, म्हणाल्या, "राहू दे, तिचेही हात लागलेत."

तेव्हापासून हात दुखतात म्हणून कोणी आलं की औषध लिहिण्याआधी मी विचारतो, या हातांनी तुम्ही काय करता? तुम्हीही आज घरी गेल्यावर विचारून बघा. आणि आई म्हणाल्या, "काही नाही गं, हल्ली काही करत नाही," तर ट्रंकेत काय ठेवलंय ते एकदा उघडून बघा.