पद्मिनीचे बिडाचे मॅनिफोल्ड: घासावे, बदलावे की जपावे?

१/ सिडकोची स्थापना १९७० ची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११०० डी १९६४ ची. म्हणजे हिचे काही नमुने नवी मुंबईपेक्षाही वयाने मोठे. हीच गाडी पुढे ‘पद्मिनी’ झाली. ती पुन्हा रस्त्यावर आणताना एक वाद हमखास निघतो: मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आतून घासावे, की नवे हेडर बसवावे?

२/ प्रश्न इंजिनाच्या श्वासाचा आहे. बिडाच्या आखूड मॅनिफोल्डमध्ये सिलिंडरांतला जळका वायू लगेच एकत्र येतो व परस्परांची वाट अडवतो. पोर्टिंगमध्ये ओतकामातले उंचवटे घासून त्याचे तोंड हेडच्या तोंडाशी जुळवतात. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पोलादी नळी मिळते. एकीतून वेगाने गेलेला वायू मागे कमी दाब सोडतो आणि तो दाब पुढच्या वायूला ओढून घेतो.

३/ हा लाभ मुख्यतः चढ्या आरपीएमवर मिळतो. १०८९ सीसीच्या, चाळीसेक अश्वशक्तीच्या इंजिनाला पाम बीच मार्गावर तो क्वचितच जाणवेल. शिवाय पातळ पोलाद खाडीच्या खाऱ्या हवेत लवकर गंजते.

४/ म्हणून पोर्टिंग अधिक ‘अस्सल’ वाटते: भाग मूळचाच, बाहेरून बदल अदृश्य. इतिहासाच्या कसोटीवर मात्र हा समज टिकत नाही.

५/ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या कंपनीने परदेशी आराखड्यावरची मोटार इथे घडवली. साच्याच्या खुणा, ओतकामाचा खडबडीतपणा हा त्या काळाचा दस्तऐवज आहे. घासलेले बीड परत येत नाही. हेडर मात्र नट सोडवले की निघते.

६/ जुन्या वाहनांसाठीच्या ‘फिवा’ या जागतिक संघटनेची ट्युरिन सनदही हेच सांगते: बदल करावाच लागला, तर तो उलटवता येण्याजोगा असावा. भारताच्या २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी वाहन ५० वर्षांहून जुने हवे आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरबदल नसावेत.

७/ तेव्हा आधी कार्ब्युरेटर व इग्निशन नीट करावे; पुष्कळदा हरवलेली ताकद तिथेच सापडते. तरीही हौस उरली, तर हेडर लावावे आणि मूळ मॅनिफोल्ड तेल लावून, चिठ्ठी बांधून जपावे.

८/ ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. आता उरलेली प्रत्येक गाडी म्हणजे मूळ पोथीची एक प्रत आहे. पोथीवर नवे वेष्टन चालते. अक्षरे खरवडणे नव्हे.