परदेशातील शनिवार, घरचा रविवार

शनिवार-रविवार आला की परदेशी राहणाऱ्या मुला-सुनांची छायाचित्रे आपल्या घरोघर येऊन पोहोचतात. कोठे एखादा किल्ला, कोठे सरोवर, कोठे बर्फाने झाकलेली झाडे, आणि पुढे लोकरी टोप्या घातलेली ती दोघे. घरातील मंडळी तो मोबाइल हातोहाती फिरवितात, शेजारच्या काकूंस दाखवितात, आणि कोणी तरी म्हणतेच, ‘मजा आहे बुवा त्यांची!’ पु. ल. देशपांडे सुनीताबाईंसह इंग्लंडास जाऊन आले आणि १९६० साली ‘अपूर्वाई’ हे पुस्तक निघाले, तेव्हा परदेश ही मराठी माणसाची खरोखरच अपूर्वाई होती. आज ती गल्लीगल्लीत आली आहे. हेवा मात्र तसाच राहिला आहे.

ही मजा कशावर उभी आहे, याचा विचार फारसा होत नाही. कोणास वाटते ती पैशावर उभी आहे, कोणास वाटते ती त्या देशाच्या हवेतच आहे. आमचे मत निराळे आहे. ते सांगण्यासाठी जर्मनीतील स्टुटगार्ट हे एकच शहर आम्ही डोळ्यांपुढे ठेवतो. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-नगरे आहेत. मर्सिडीझ मोटारींचे आणि बॉश कंपनीचे मुख्य ठाणे त्या शहरात व त्याच्या परिसरात आहे. त्याच कंपन्यांचे कारखाने आपल्या चाकणला आणि नाशिकला आहेत. साहजिकच महाराष्ट्राकडचे अनेक तरुण अभियंते तेथे जाऊन संसार मांडतात.

त्या संसाराचे सोमवार ते शुक्रवार हे पाच दिवस छायाचित्रांत कधी येत नाहीत. हिवाळ्यात सूर्य उगवतो आठाच्या सुमारास आणि मावळतो साडेचारला. म्हणजे अंधारात निघावे आणि अंधारातच परतावे. धुणेभांडी करणाऱ्या मावशी नाहीत, कोपऱ्यावर इस्त्रीवाला नाही, दारावर भाजीची गाडी येत नाही. पत्नीजवळ उत्तम पदवी असली तरी जर्मन भाषेची पायरी चढल्याविना मनाजोगे काम मिळणे पुष्कळदा कठीण जाते. तेव्हा पंचविशी उलटल्यावर पुन्हा बाराखडीपासून आरंभ. रात्री आठला जेवण आटोपून आईशी दोन शब्द बोलावे म्हटले, तर आपल्याकडे साडेबारा वाजून गेलेले असतात. सणाच्या दिवशी हे विशेष जाणवते, असे तेथे राहून आलेले लोक सांगतात, आणि ते खरे असावे.

त्या भागात एक रीत आहे, तिचे नाव ‘केरवोखे’. एका इमारतीत राहणाऱ्या कुटुंबांनी आठवडा वाटून घ्यायचा आणि आपल्या पाळीस जिना, तळघराची वाट, अंगण, हिवाळ्यात दारापुढचे बर्फसुद्धा, स्वतः झाडून काढायचे. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी टांगली जाते. आठवडा संपला की ती शेजारच्या दारावर जाते. आपला ‘केर’ हा शब्द त्यांच्या तोंडी कसा गेला असे वाटावे, पण हे साम्य निव्वळ योगायोगाचे. या रीतीचे मूळ पाच शतकांपूर्वीच्या नगरनियमांपर्यंत नेतात. मोठ्या कारखान्यात अधिकारपदावर असलेला मनुष्यही पाळी आली की खराटा हाती घेतो. पाटीवर ‘गृहिणीने झाडावे’ असे लिहिलेले नसते. आपल्याकडून गेलेला तरुण, ज्याने घरी असताना स्वतःचा पेलाही कधी विसळला नाही, तो पहिल्याच महिन्यात हे शिकतो. शिकल्यावाचून गत्यंतरच नसते.

शनिवारी सकाळी बाजारहाट उरकावा लागतो, कारण रविवारी दुकाने बंद. रिकाम्या बाटल्या पिशवीत भरून दुकानी परत द्यायच्या. पाण्याच्या एका बाटलीमागे अनामत ठेवलेले २५ सेंट परत मिळतात. एक जण कपडे यंत्रात घालतो, दुसरी पोळ्यांसाठी कणीक तिंबते. पुढच्या शनिवारी कामांची अदलाबदल. दुपारपर्यंत घर आवरलेले असते. रविवार तर तेथे कायद्याने राखलेला दिवस आहे. रविवार हा विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षित राहील, असे कलम १९१९ च्या वायमार संविधानात होते. १९४९ मध्ये नवा मूलभूत कायदा झाला तेव्हा ते कलम त्यात जसेच्या तसे घेण्यात आले. रविवारी गवत कापण्याचे यंत्र चालविणे किंवा काचेच्या बाटल्या खळ्ळकन पेटीत टाकणेही निषिद्ध, कारण शेजाऱ्याच्या विश्रांतीचा भंग होतो. आपल्या ध्वनिक्षेपकांच्या चालकांस तेथे आठ दिवस पाठवावे अशी सूचना आम्हांस सुचते, पण तो विषय वेगळा.

मग ती दोघे निघतात. मे २०२३ पासून तेथे एक मासिक तिकीट निघाले आहे. आरंभी त्याचे मोल ४९ युरो होते, पुढे ते वाढले. त्यावर देशभरच्या स्थानिक गाड्यांतून महिनाभर हिंडता येते. डब्यात दशम्या आणि चटणी, बाटलीत घरचेच पाणी. ट्युबिंगेन हे नेकर नदीकाठचे लहानसे गाव जवळच आहे. त्याचे विद्यापीठ १४७७ सालचे. तेथेच रुडोल्फ रोट यांनी वेदांचे अध्यापन केले आणि ब्योटलिंक यांच्यासमवेत संस्कृत-जर्मन भाषेचा तो विख्यात महाकोश रचला. दुसऱ्या बाजूस उल्म. तेथील चर्चचा मनोरा १८९० मध्ये पुरा झाला; २०२५ मध्ये बार्सिलोनाच्या चर्चने मागे टाकीपर्यंत तो चर्चांमध्ये जगातील सर्वांत उंच होता. त्याच्या ७६८ पायऱ्या चढून घामाघूम झालेल्या दोघांचे जे छायाचित्र आपल्याकडे येते, त्याचा खर्च म्हणजे मनोऱ्याचे तिकीट आणि दोन दशम्या. यात श्रीमंती ती कोणती? ते चढू शकले, कारण दुपारी बाराला घरात करण्यासारखे काम दोघांपैकी कोणाचेच उरले नव्हते.

आता दुसरे चित्र पाहावे. हेच दांपत्य तीन आठवड्यांच्या रजेवर घरी येते. तेथे जिना झाडणारा, भांडी घासणारा तो तरुण येथे आल्याबरोबर बैठकीत पाय पसरून बसतो आणि सून पदर खोचून आत जाते. त्याने ताट उचलण्याचा प्रयत्न केलाच, तर आईच म्हणते, ‘अरे, तू कशाला? राहू दे.’ आणि तो राहू देतो. विमानतळावर सामानाबरोबर त्याचे हातही कोठे गहाळ होतात की काय, न कळे! परदेशातून आणलेली चॉकलेटे आणि अत्तरे आपण वाटून घेतो. तेथे तो जे खरोखर शिकला, तेवढे मात्र उंबरठ्याबाहेर ठेवून येतो. दोष एकट्या त्याचा नाही. आपण त्यास ते आत आणू देत नाही.

आपल्या घरचा रविवार कोणाचा असतो? केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. तीत असे आढळले की घरातील विनामोबदला कामात शंभरांपैकी ८१ स्त्रिया भाग घेतात आणि पुरुष केवळ २६. जे काम करतात त्यांतही स्त्रियांची दिवसाची २९९ मिनिटे जातात, पुरुषांची ९७. रविवारी सर्वांस सुटी म्हणून न्याहारी उशिरा, जेवण चार पदार्थांचे, शिवाय आठवड्याचे दळण-निवडण. म्हणजे ज्या दिवशी सर्वांस विश्रांती त्याच दिवशी आईस दुप्पट काम. जर्मनीतही सर्व आलबेल आहे असे कोणी समजू नये. २०२२ च्या तेथील पाहणीत स्त्रिया पुरुषांपेक्षा सुमारे ४४ टक्के अधिक विनामोबदला काम करीत होत्या. परंतु खराटा हाती घेण्याची लाज तेथे पुरुषास वाटत नाही, आणि आपण उचलावे ते एवढेच.

कोणी म्हणेल, तेथे पाहण्यासारखे आहे, येथे काय आहे? हा प्रश्न बुऱ्हाणपुरात विचारला जावा याचे आम्हांस नवल वाटते. १६०१ मध्ये अकबराने घेतलेला असीरगड येथून वीस किलोमीटरांवर उभा आहे. भर वस्तीतील जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरलेला असून त्यात शके १५११ ची नोंद आहे. १६१५ च्या सुमाराची कुंडी भंडाऱ्याची भूमिगत जलव्यवस्था मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मुमताज महल १६३१ मध्ये येथेच वारली आणि तापीपार जैनाबादेस तिचे पहिले दफन झाले. उल्मचा मनोरा चढलेल्या आपल्या मुलाने ह्यांतले काय काय पाहिले आहे, हे तो आला की विचारावे; आणि त्याच्या आईने काय पाहिले आहे, हेही.

शाळेची सहल असीरगडास जाते त्या दिवशी घरोघरी पहाटे चारला स्टोव्ह आणि शेगड्या पेटतात. पुऱ्या, बटाट्याची भाजी, गूळपोळी डब्यांत भरली जाते. मुले गड चढतात, डबे रिकामे करून सायंकाळी परततात आणि ते डबे पुन्हा मोरीत घासायला पडतात. विद्यार्थिमित्रहो, या वर्षी परत आल्यावर आपला डबा आपण घासून ठेवा, आणि ज्यांनी तो भरला त्यांना विचारा की त्या गडावर कधी गेल्या आहेत काय. उत्तर ‘नाही’ असे आले, तर पुढच्या रविवारी गडाकडे जाणाऱ्या पहिल्या बसची वेळ आगारात विचारून यावी. त्या दिवशीच्या पुऱ्या वडिलांनी लाटाव्यात. वाकड्यातिकड्या झाल्या तरी गडावरच्या वाऱ्यात त्या चांगल्या लागतील.